वाळवी आमची, जीभ परक्याची

एका जंगलात वाळवी फार झाली होती.

वाळवी म्हणजे काय, हे मुलांनो, तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर घरातल्या जुन्या दाराची चौकट बोटाने दाबून पाहा. बोट आत गेले तर ती वाळवी. पाठीत धपाटा बसला तर ते बाबा.

तर हे जंगल मोठे संपन्न होते. नदी होती, डोह होते, वाघ महाराज होते. मधोमध एक प्रचंड वड होता. त्याच्या सावलीत दरबार भरे आणि त्याच्या ढोलीत कुमुदबाई धनेश राहत. धनेश म्हणजे तो भल्या मोठ्या चोचीचा पक्षी. आपल्या सात पिढ्या याच ढोलीत वाढल्या, हे कुमुदबाई कोणी न विचारता सांगत.

पूर्वी या जंगलात वाळवी खायचे काम अस्वले करीत. मग अस्वलांची पोरे शिकली. वारुळात नाक खुपसायचे, माती फुंकायची, हे त्यांना कमीपणाचे वाटू लागले. भालेराव अस्वलाने तर उभ्या जन्मात एक वारूळ फोडले नव्हते. म्हणून त्याला मुख्य वाळवीतज्ज्ञ नेमले होते. तो दरबारात ‘वाळवी : काल, आज आणि उद्या’ या विषयावर भाषण करी. वाळवीही ते ऐके. वडाच्या आतून.

एके दिवशी वारा नसताना वडाची एक फांदी पडली. खाली महाराज झोपले होते. फांदी शेपटीवर पडली. दुसऱ्या कोणाच्या शेपटीवर पडली असती तर तो अपघात ठरला असता. ही महाराजांची शेपटी होती, म्हणून तो राज्याचा प्रश्न झाला.

“उपाय काय?” महाराजांनी विचारले.

“बाहेरून कोणीतरी आणावं लागेल,” भालेराव म्हणाला. “म्हणजे हे काम आपल्याकडे सगळ्यांनाच येतं. पण करणार कोण?”

मग पावशाला बोलावणे गेले.

पावशा पक्षी तुम्ही ऐकला असेल. पावसाच्या तोंडाशी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडत फिरतो. स्वतः काही पेरत नाही. अंडीसुद्धा दुसऱ्याच्या घरट्यात घालतो. त्यामुळे एकाचा जीव दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्याच्या धंद्यात त्याचा चांगला जम बसला होता. तो नदीपलीकडे खडकवनात गेला.

खडकवनात तीन वर्षे पाऊस नव्हता. वारुळे ओस पडली होती. तिथे रखमाजी नावाचे खवले मांजर राहत होते. खवले मांजर हे मुळात मांजर नसते. त्याच्या अंगभर कौलांसारखे खवले असतात. तोंडात दात एकही नसतो, पण जीभ हातभर लांब. मुंग्या आणि वाळवी हेच त्याचे अन्न. फार घाबरले की ते अंगाचा चेंडू करून बसते.

रखमाजीचे वडील तात्या म्हणजे त्या भागातले नाणावलेले जाणकार. झाडाला कान लावून आत वाळवी किती खोल आहे, ते सांगत. ती विद्या त्यांनी रखमाजीला दिली होती. पण आता खडकवनात कान लावायला झाडे नव्हती.

पावशा बिळापाशी येऊन म्हणाला, “निघते व्हा, निघते व्हा.”

रखमाजीच्या बायकोचे नाव सगुणा. ती गरोदर होती. तिने विचारले, “किती दिवसांसाठी?”

“दोन पावसाळे.”

“आणि मधे यायचं झालं तर?”

“वहिनी, तिकडे गेलेला कोणी परत यायचं नाव घेत नाही,” पावशा म्हणाला.

हे त्याने खरेच सांगितले. का घेत नाही, तेवढे राहून गेले.

रखमाजीने तात्यांच्या पाया पडून निरोप घेतला. तात्या म्हणाले, “झाड कोणाचं आहे ते बघू नकोस. झाड आहे ना, तेवढं बघ.” म्हाताऱ्यांचे काही खरे नसते. ते असे काहीतरी बोलून ठेवतात.

नदीच्या उतारावर मगर बसली होती. तिने रखमाजीच्या पाठीवरचा एक खवला उपटून घेतला. रक्त आले.

“सगळ्यांचंच येतं,” मगर म्हणाली. “हा खवला तुझ्या मालकिणीकडे, वडावरच्या कुमुदबाईंकडे राहील. परत जाताना तो दाखवायचा. बिनखवल्याचा कोणी नदीत उतरला तर त्याला खायचा मला अधिकार आहे.”

“बरं,” रखमाजी म्हणाला.

“मनात काही आणू नकोस. मी नियमाबाहेर कोणाला खात नाही.”

पलीकडच्या काठावर भालेरावाने त्याची मुलाखत घेतली.

“अनुभव?”

“साहेब, आमच्या सात पिढ्या हेच करतात.”

“या जंगलातला अनुभव विचारतोय.”

“आत्ताच आलोय साहेब.”

“म्हणजे शून्य,” भालेराव म्हणाला, आणि त्याने वडाच्या सालीवर नखाने नोंद केली : ‘अकुशल. जीभ लांब.’

सात पिढ्या एका ढोलीत बसून राहिले की घराणे होते, मुलांनो. सात पिढ्या काम केले की शून्य होते. हे गणित तुम्हाला पुढच्या इयत्तेत येईल.

रखमाजीने वडाला कान लावला. बराच वेळ ऐकले. मग तो म्हणाला, “साहेब, ही वाळवी मुळात आहे. खाली राणी बसलीय. आधी ती काढायला पाहिजे.”

“तू वरची खा,” भालेराव म्हणाला. “खालचं धोरण आम्ही ठरवू.”

रखमाजी वरची खाऊ लागला. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत तो फांद्यांवर असे. दुपारी भालेराव पाहणीला येई, आणि मध कुठे मिळतो ते पाहून जाई. वेळ मिळेल तसा रखमाजी मुळांशीही थोडे उकरी. ते त्याला कोणी सांगितले नव्हते. पण झाड ते झाड.

राहायला त्याला वडाच्या दोन मुळांमधली ओली सांद मिळाली. वाळवीची अंडी पानाच्या द्रोणात बांधून तो घरी पाठवी. पाकोळ्या पक्षी तो द्रोण नदीपार नेत. त्यावर तिकडे म्हातारा आणि सगुणा दिवस काढत.

कुमुदबाई स्वभावाने चांगल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुमचा गैरसमज होईल. उरलेली उंबरे त्या आठवणीने खाली टाकत. खवले मांजर उंबर खात नाही, पण भावना पाहावी. त्या त्याला ‘खवल्या’ म्हणत. “तुमची नावं बाई जिभेवर बसत नाहीत,” असे त्या हसून सांगत.

पाहुण्यांना त्या म्हणत, “खवल्या अगदी आमच्या घरातल्यासारखाच आहे. फक्त घरात येत नाही.”

खवला मात्र त्यांनी ढोलीत अगदी आत जपून ठेवला होता. हरवू नये म्हणून.

काही महिने गेले. वडाला नवी पालवी फुटली. मग कुमुदबाईंचे अंड्यांवर बसायचे दिवस आले. धनेशाची मादी अंडी घालते तेव्हा ढोलीत शिरून आतून दार चिखलाने लिंपून घेते. चोच जाईल एवढी एक फट ठेवते. नर बाहेरून फळे आणून भरवतो. पिल्ले उडण्याजोगी होईपर्यंत बाई बाहेर येत नाहीत. कुमुदबाईंनीही दार लिंपले. अंडी आत, बाई आत, आणि खवलाही आत.

आठ दिवसांनी पाकोळी निरोप घेऊन आली. रखमाजीला मुलगी झाली होती. आणि तात्यांनी अंथरूण धरले होते. तुझे नाव घेतात, असे सगुणाने कळवले होते.

रखमाजी वर चढला आणि फटीशी जाऊन म्हणाला, “बाई, माझा खवला द्या. आठ दिवसांत जाऊन येतो. म्हातारा आजारी आहे.”

“अरे देवा,” आतून आवाज आला. “फार वाईट झालं. पण खवला अगदी मागे आहे बघ, अंड्यांच्या पलीकडे. मी हलले तर एखादं फुटेल. तुलाही बाळ झालंय, तुला कळेलच.”

“मग दार थोडं फोडू का? मी परत लिंपून देतो.”

“तू लिंपशील, पण ते आमच्यासारखं होईल का? आणि तू गेलास तर वाळवी कोण बघणार? मी इथे कोंडलेली. दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुझे वडील खंबीर आहेत, काही होत नाही.”

कुमुदबाईंनी तात्यांना कधी पाहिले नव्हते. पण खंबीर म्हणायला ओळख लागत नाही.

रखमाजी नदीवर गेला. मगरीला म्हणाला, “खवला बाईंकडे अडकलाय. मी परत येतो. शब्द देतो.”

“शब्द मी खात नाही,” मगर म्हणाली. “खवला दाखव.”

तो मागे फिरला.

त्यानंतर बाराव्या दिवशी दुसरी पाकोळी आली. ती फार वेळ घिरट्या घालत राहिली, खाली बसेना. तेव्हाच रखमाजीला कळले.

फटीतून कुमुदबाईही रडल्या. खरोखर रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “आता गेलास तरी काय उपयोग? तेव्हा राहाच.”

रखमाजी खाली उतरला आणि मुळांच्या सांदीत जाऊन बसला. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. तात्यांच्या हाताला ओल्या मातीचा वास यायचा, तो त्याला आठवत राहिला. भालेरावाने सालीवर नोंद केली : ‘एक दिवस जीभ बंद. समज दिली.’

दुसऱ्या दिवशी रखमाजी पुन्हा फांदीवर चढला.

आता गंमत ऐका. वडाच्या फांद्या पडायच्या थांबल्या. फांद्या पडत होत्या तेव्हा सगळे वर पाहत होते. पडायच्या थांबल्या तसे सगळे रखमाजीकडे पाहू लागले. हा इथे का आहे, असा प्रश्न लोकांना पडू लागला.

हुप्पाजी नावाच्या वानराने हा प्रश्न हातात घेतला. वानराला प्रश्न हातात घ्यायला चार हात असतात. त्याने वडाच्या सर्वांत उंच फांदीवर बसून सभा घेतली. ती फांदी रखमाजीने नुकतीच साफ केली होती, म्हणून तिने हुप्पाजीचे वजन पेलले.

“वनपुत्रांनो,” हुप्पाजी म्हणाला, “ही वाळवी कोणाची?”

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, म्हणून उत्तरही त्यानेच दिले.

“आपली. आपल्या मातीत जन्मली, आपल्या वडावर वाढली. आणि ती खातो कोण? परका. स्वतः खातो ते खातो, वर द्रोण भरभरून नदीपार पाठवतो. उद्या आपल्या लेकरांच्या तोंडात काय जाईल?”

वानरांची लेकरे वाळवी खात नाहीत. पण सभेत ते कोणाला आठवले नाही. अस्वलांना मात्र एकाएकी आठवले की वाळवी हा आपला वाडवडिलांपासूनचा घास आहे. त्यांचे डोळे भरून आले. ‘आमची वाळवी, आमचा वड’ ही घोषणा त्याच दुपारी तयार झाली.

एका मधमाशीने एका तरुण अस्वलाला विचारले, “मग उद्यापासून तू चढणार का वर?”

“मी आंदोलनात आहे,” अस्वल म्हणाले.

महाराजांनी दोन्ही बाजू ऐकल्या, म्हणजे हुप्पाजीची डावी आणि उजवी. आणि हुकूम काढला : परक्याने दिवस मावळायच्या आत जंगल सोडावे.

भालेराव हुकूम घेऊन वडाखाली आला. रखमाजी खाली उतरला.

“जातो साहेब,” तो म्हणाला. “खवला तेवढा मिळवून द्या.”

“तो ढोलीत आहे. बाईंना त्रास देता येणार नाही.”

“मग खवल्याशिवाय नदी कशी ओलांडू?”

“ओलांडता येणार नाही. गुन्हा आहे.”

“मग इथेच थांबतो.”

“तोही गुन्हा आहे,” भालेराव म्हणाला. “पण तो माझ्या खात्यात येतो.”

रखमाजीने पाठीवरच्या रिकाम्या जागेला नख लावले. मग तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर करून बोलला. “साहेब, मी जातो म्हणत होतो, तेव्हा तुम्ही जाऊ दिलं नाहीत.”

“तेव्हा तू हवा होतास,” भालेराव म्हणाला. हे तो अगदी सरळपणे बोलला. त्यात काही दुष्टपणा नव्हता.

तोवर हुप्पाजीची मंडळी दगड घेऊन जमली होती. रखमाजीने एकदा वडाकडे पाहिले आणि अंगाचा चेंडू केला.

वानरांनी दगड मारले. दगड खवल्यांवरून घसरले. दोन अस्वलांनी चेंडू उलगडायचा प्रयत्न केला, त्यांची नखे दुखावली. शेवटी महाराज स्वतः उठले. त्यांनी पंजा मारला आणि पंजा तोंडात धरून परत जागेवर बसले. दिवस मावळत आला. हुकूम तर पाळला गेला पाहिजे.

“ढकला,” हुप्पाजी म्हणाला.

सगळ्यांनी मिळून तो चेंडू उतारावरून ढकलला. जंगलात इतके कामाला लागलेले प्राणी कित्येक वर्षांत कोणी पाहिले नव्हते. चेंडू गडगडत गेला आणि नदीत पडला. मगर टपून होतीच. बिनखवल्याचा दिसताच तिने नियमाप्रमाणे तोंडात घेतला आणि नियमाप्रमाणे चावला. तिचे दोन दात तुटले. तरी तिने सोडला नाही. चावत चावत ती नदी ओलांडून गेली आणि मग कंटाळून तिने तो पलीकडच्या काठावर थुंकला.

परतल्यावर तिने तक्रार नोंदवली : ‘सरकारी दातांचे नुकसान. आरोपी फरार.’

रखमाजी खडकवनात पोचला तेव्हा उजाडले होते. बिळाच्या तोंडाशी सगुणा होती आणि तिच्या शेपटीला धरून एक इवलेसे पिल्लू. पाठीला जखमा असलेला तो परका प्राणी पाहून पिल्लू आईच्या पोटाखाली लपले.

“भिऊ नकोस,” सगुणा म्हणाली. “हे तुझे बाबा आहेत. जरा थांब. त्यांना मोकळं व्हायला वेळ लागेल.”

मग ती त्याला तात्यांना पुरले होते तिथे घेऊन गेली. मातीचा लहानसा उंचवटा होता. रखमाजीने सवयीने त्याला कान लावला. आत काहीच वाजत नव्हते. तो तसाच कान लावून पडून राहिला, आणि सगुणाने त्याला उठ म्हटले नाही.

इकडे वडाखाली विजयसभा झाली. वाळवी आता पूर्णपणे आपली होती. तिच्यावर डोळा ठेवणारे कोणी उरले नव्हते. महिनाभरात वड आतून करकरू लागला. भालेरावाने ‘वडाचा आवाज : एक परंपरा’ असे भाषण केले. भाषण संपायच्या आत वडाचे खोड मधोमध खचले. ढोलीचे चिखलाचे दार आपोआप निखळले, आणि कुमुदबाई दोन पिल्लांसह भर उन्हात गवतावर येऊन पडल्या. कोणाला फार लागले नाही. एक खवलाही कुठेतरी पालापाचोळ्यात पडला असेल.

कुमुदबाई आत होत्या, त्यांना बाहेरचे काही ठाऊक नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले.

“खवल्या कुठे आहे?”

“गेला,” भालेराव म्हणाला.

“सांगून तरी जायचं,” कुमुदबाई म्हणाल्या, आणि त्यांना हुंदका आला. “इतकी माया लावली होती. ही जात अशीच.”

दरबार शेजारच्या पिंपळाखाली हलला. वाळवीही हलली. मग पावशाला पुन्हा बोलावणे गेले. तो खडकवनात येऊन नेहमीच्या जागी बसला.

“झालं गेलं विसरा,” तो रखमाजीला म्हणाला. “महाराजांनी मोठ्या मनाने तुमचा फरारीचा गुन्हा माफ केलाय. या खेपेला कोरडी जागा देतील. एक खवला काय तो...”

रखमाजी बोलायच्या आधी सगुणाच पुढे झाली. “पाठवते की,” ती म्हणाली. “पण महाराजांचा एक सुळा आमच्याकडे राहू दे. नीट ठेवीन. हे परत आले की लगेच देऊन टाकीन.”

पावशाला वाटले ती थट्टा करते आहे. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि तो उडून गेला.

दरबारात हे ऐकून मोठा गहजब झाला. महाराजांचा सुळा म्हणजे राज्याचा मान. परक्याकडे मान ठेवायचा? एकमताने ठरले की जंगल आपल्या बळावर उभे राहील. रखमाजी खडकवनातच राहिला. पुढच्या वर्षी तिकडे थोडा पाऊस झाला, चार वारुळे उठली. मुलीला तो दगडाला कान लावायला शिकवू लागला. झाड आले की झाडाला लावता येईल. पोटभर मिळाले असे नाही. पण हे त्यांचे त्यांनी पाहिले.

इकडे पिंपळ पडला. मग जांभूळ, मग मोह, मग डोहाकाठचा करंज. चार वर्षांत नदीपासून डोंगरापर्यंत खायला लाकूड उरले नाही, तेव्हा वाळवीही निघून गेली.

भालेरावाने लगेच पाहणी केली आणि महाराजांना अहवाल दिला : संपूर्ण जंगलात शोधूनही एक वाळवी सापडली नाही. कोणत्याही परक्याच्या मदतीशिवाय आपले जंगल वाळवीमुक्त झाले आहे.

मोठा समारंभ झाला. भर दुपारी, उघड्या खडकावर. महाराजांनी डोळ्यांवर पंजा धरून भालेरावाच्या गळ्यात वाळक्या गवताची माळ घातली. हुप्पाजीचे भाषण होते. त्याने बसायला फांदी शोधली, बराच वेळ शोधली, आणि शेवटी तो जमिनीवरूनच बोलला. मागच्यांना तो दिसला नाही, पुढच्यांना उन्हाने डोळे उघडता आले नाहीत.

टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

तात्पर्य : ‘श्रमाला मान द्यावा’ असे तुम्हाला वाटले असेल. ते परीक्षेत लिहा, दोन गुण मिळतात. आयुष्यात लक्षात ठेवायचे ते असे : जो झाड राखतो तो पाहुणा आणि जो झाड खातो तो घरचा. पाहुण्याला कधीही जा म्हणता येते. घरच्याला दुखवू नये.